जुना वस्तरा घेताना झीज कशी ओळखायची?

प्रश्न थोडक्यात असा: दोन जुने वस्तरे मनात भरलेत. एक पुण्याच्या जुन्या बाजारात दिसलेला, शेफील्डचा, रुंद, जड, पाचरीच्या घाटाचा. विक्रेत्याने तो चाकावर घासून आरशासारखा चमकवलाय. दुसरा परदेशातल्या ऑनलाइन लिलावातला, जर्मनीतल्या झोलिंगेनचा, 5/8 मापाचा फुल हॉलो, म्हणजे दोन्ही अंगांनी खोल पोखरलेला. त्याच्या पाठीवर दोन्हीकडे चकचकीत पट्टे आहेत आणि पातं टोकाकडे निमुळतं दिसतंय. विक्रेता म्हणतो, 'पोलाद भरपूर शिल्लक आहे.' वस्तरा रोज दाढीला वापरायचाय, कपाटात मांडायचा नाही. झीज किती झालीय हे कसं ओळखायचं आणि घ्यावा की नाही?

पोलाद किती शिल्लक आहे, हा प्रश्न मी नंतर विचारतो. आधी बघायचं ते पोलाद कुठून गेलंय, आणि पाठ व धार यांचं प्रमाण अजून जमतंय का. बरंच झिजलेला पण प्रमाणात राहिलेला वस्तरा अजून कित्येक वर्षं छान दाढी करतो. नव्यासारखा रुंद दिसणारा पण पाठ चुकीची झिजलेला वस्तरा मात्र कितीही पाजवला तरी हाताला यश देत नाही.

याचं कारण वस्तऱ्याच्या रचनेत आहे. सुरीला धार लावताना कोन आपल्या मनगटाने सांभाळावा लागतो. वस्तरा दगडावर सरळ आडवा ठेवतात. एका बाजूला पाठ टेकते, दुसऱ्या बाजूला धार टेकते आणि मधला पोखरलेला भाग अधांतरी राहतो. म्हणजे धारेचा कोन दोनच मापांवर ठरतो: पाठीची जाडी आणि पाठीपासून धारेपर्यंतचं अंतर. धार पाजवताना दरवेळी पाठही किंचित घासली जाते, आणि ती घासली जायलाच हवी. दोन्ही एकमेकींच्या प्रमाणात झिजत गेल्या तर पातं अरुंद होत जातं, पण कोन जवळजवळ तोच राहतो. कोणी पाठ जास्त खाल्ली किंवा धारच जास्त खाल्ली की हिशेब बिघडतो.

हा हिशेब घरी करता येतो. पाठीची जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, तिला रुंदीने भागा आणि 57.3 ने गुणा. येणारा आकडा म्हणजे धारेचा पूर्ण कोन, अंशांत. इतक्या लहान कोनांना हे गणित पुरेसं अचूक असतं. 16-17 अंश आले की उत्तम, 15 ते 18 पर्यंत निर्धास्त घ्या. 14 च्या खाली धार इतकी बारीक होते की टिकत नाही, भिंगाखाली तिचे बारीक कपचे उडालेले दिसतात. 19-20 च्या वर गेलात तर धार लागते, पण गालावर गुळगुळीत चालत नाही, केस ओढल्यासारखे वाटतात.

मापं कुठून घ्यायची यात मात्र गफलत होते. जाडी घ्यायची ती पाठ दगडाला जिथे टेकते तिथली, म्हणजे दोन्ही बाजूंच्या चकचकीत पट्ट्यांवर व्हर्नियर कॅलिपरचे जबडे ठेवून. रुंदीही तिथूनच, टेकण्याच्या रेषेपासून धारेपर्यंत. विक्रेते सांगतात ती रुंदी पाठीच्या अगदी वरच्या टोकापासूनची असते, त्यामुळे ती मिलिमीटर-दीड मिलिमीटरने जास्त भरते. 5/8, 6/8, 7/8 ही मापं इंचाच्या आठव्या भागांत असतात आणि तीही अशीच एकूण रुंदी सांगतात: 5/8 म्हणजे जवळजवळ 16 मिमी, 6/8 म्हणजे 19, 7/8 म्हणजे 22 च्या थोडं वर. आणि कॅलिपर लावताना जबडा धारेवर आपटू देऊ नका. त्या एका टकरीने धारेला खाच पडते आणि विक्रेत्याचं म्हणणंही खरं ठरतं की ती तुम्ही पाडलीत.

समजा एका 5/8 वस्तऱ्याची नवा असताना पाठ 4.3 मिमी आणि टेकण्याच्या रेषेपासून धार 14.7 मिमी होती. कोन येतो 16.8 अंश. वर्षानुवर्षं नीट पाजवून तो 3.9 आणि 13.4 वर आला, तर एकूण रुंदीत सव्वा मिलिमीटर गेला, पण कोन 16.7 राहिला. या वस्तऱ्याला झिजलेला म्हणून नाकारू नका. आता दुसरा घ्या: कोणीतरी पाठीवर जोर देऊन दगडावर घासत राहिला, पाठ 3.2 वर आली, धार मात्र अजून 14.2. लिलावातल्या फोटोत हा पहिल्यापेक्षा रुंद आणि 'कमी वापरलेला' दिसेल, पण त्याचा कोन 12.9 आहे. तिसरा प्रकार उलटा: दरवेळी पाठीवर चिकटपट्टी लावून पाजवला किंवा मोठा खळगा काढण्यासाठी धार सरळ घासून टाकली. पाठ जशीच्या तशी 4.3 आणि धार 12.2 वर आली, की कोन 20 च्या पुढे जातो. पाठ बघाल तर कोरी वाटेल, म्हणून हा प्रकार सर्वांत जास्त फसवतो.

पातळ पाठीवर इलाज आहे. इलेक्ट्रिशियन वापरतात त्या काळ्या चिकटपट्टीची जाडी साधारण 0.13 ते 0.18 मिमी असते. ती पाठीवरून दुमडून लावली की दोन्ही बाजूंचं मिळून 0.3 मिमीच्या आसपास जाडी वाढते, म्हणजे या मापाच्या पात्यात सव्वा अंशाचा फरक पडतो. वरच्या 12.9 वाल्याला एक थर दिला की तो 14 वर येतो, दोन थरांनी 15 च्या पुढे. म्हणजे पाठ खाल्लेला वस्तरा स्वस्त मिळत असेल आणि दरवेळी पट्टी लावायची तयारी असेल तर तो वापरता येतो. उलटा प्रकार, जाड पाठ आणि आखूड धार, सुधारायला पाठ घासून उतरवावी लागते. त्यात खूप श्रम आहेत आणि पाठीवर कोरीवकाम असेल तर तेही जातं. दोन्ही दोष समोर असतील तर मी पहिला पत्करेन.

आता त्या चकचकीत पट्ट्यांविषयी, कारण वस्तऱ्याचा सगळा इतिहास तिथे लिहिलेला असतो. पट्टा आहे म्हणून घाबरू नका. नव्या वस्तऱ्यालाही पहिली धार लावताना बारीक पट्टा पडतो. तो किती रुंद आहे, यापेक्षा तो टाचेपासून, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या शेवटापासून, टोकापर्यंत सारखा आहे का, हे बघा. दिव्याखाली पातं हळूहळू कलतं करत न्या, म्हणजे पट्टा एका क्षणी लख्ख उजळतो आणि त्याची कड स्पष्ट दिसते. दोन्ही बाजूंना टाचेपासून टोकापर्यंत एकाच रुंदीचा पट्टा असेल तर आधीच्या मालकाचा हात चांगला होता. टोकाकडे रुंद होत गेला असेल तर तो टोकावर जोर द्यायचा. एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला बारीक असेल तर एका दिशेच्या फेऱ्या जास्त झाल्यात किंवा मुळात घडणच तिरकी आहे. आणि एका बाजूला पट्टा दोन्ही टोकांना रुंद व मध्ये जवळजवळ नाहीसा, तर दुसऱ्या बाजूला नेमका मध्ये रुंद व टोकांना बारीक, अशी जोडी दिसली तर पातं वाकलेलं आहे. पोलादाला पाणी देताना, म्हणजे तापवून विझवताना, थोडा बाक येतो. जुन्या शेफील्डच्या वस्तऱ्यांत हे बऱ्यापैकी सापडतं. थोडा बाक असेल तर अरुंद दगडावर पातं फिरवत धार लावता येते, पण पहिला वस्तरा म्हणून घेणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

पट्टा अजिबातच नसेल तर? पातं जुनं, अरुंद, आणि पाठ मात्र गुळगुळीत गोल. अशा वेळी मी जास्त सावध होतो. कोणीतरी रुंद पट्टे लपवायला पाठ चाकावर गोल केलेली असू शकते. तेव्हा जाडीचं माप घेतल्याशिवाय पुढे बोलूच नका. याउलट काही वस्तऱ्यांच्या पाठीला मुळातच एक पायरी ठेवलेली असते, पाठ वेगळी बसवल्यासारखी. स्वीडनमधल्या एस्किल्स्टुनाच्या काही वस्तऱ्यांत तर पाठ खरोखरच वेगळ्या तुकड्याची, पातळ पात्यावर चढवलेली असते. ती पायरी झीज समजून चांगला वस्तरा सोडणारे लोक पाहिलेत. झिजेची कड दगडाने कापल्यासारखी सपाट असते, घडणीतली पायरी पाठीबरोबर एकसारखी वळते.

धारेची रेषा हा पुढचा पुरावा. ती सरळ असावी किंवा बाहेरच्या बाजूला किंचित फुगीर. आत गेलेली नसावी. बँकेचं कार्ड घ्या, त्याची सरळ कड धारेला न टेकवता जवळ धरा आणि मागून उजेड येऊ द्या. मध्ये फट दिसली तर धार खोल गेलीय. घरोघरी एखादी जुनी सुरी अशी असते, वर्षानुवर्षं घासून पोटात आत गेलेली. सपाट दगडावर अशा धारेची टाच आणि टोक तेवढे टेकतात, मधला भाग दगडाला लागतच नाही. ती सरळ करायची म्हणजे टाच आणि टोक मधल्या पातळीवर येईपर्यंत पोलाद काढायचं. फट अर्ध्या मिलिमीटरपर्यंत असेल आणि कोनाच्या हिशेबात जागा असेल तर चालेल. वरच्या उदाहरणातल्या नव्या वस्तऱ्याची धार एक मिलिमीटर मागे नेली तर कोन 16.8 वरून 18 वर जातो, हे डोळ्यांसमोर ठेवून ठरवा. धारेवरच्या खळग्यालाही हाच हिशेब लागू: खळगा जितका खोल, तितकी सगळी धार मागे न्यावी लागते. टोकाच्या अगदी कोपऱ्यात टवका असेल तर मात्र नशीब. तो कोपरा थोडा गोल केला की काम भागतं.

बाहेर फुगलेली धार मात्र बऱ्याचदा मूळचीच असते, विशेषतः शेफील्डच्या रुंद पात्यांत. मूळची असेल तर पाठही त्याच वळणाने किंचित वाकलेली दिसते आणि पट्टा सर्वत्र सारखा असतो. पाठ सरळ, धार फुगीर, आणि पट्टा टाचेला व टोकाला रुंद, तर ती झीज. तसंच टोकाच्या आकाराचं. गोल टोक, चौकोनी टोक, फ्रेंच पद्धतीचं तिरकं टोक, टोकाच्या वरच्या कोपऱ्यात घेतलेली अर्धगोल खाच, हे सगळे घडणीतले प्रकार आहेत. ती खाच बघून 'तुटलेला आहे' म्हणणारे विक्रेतेही भेटतात. अठराव्या शतकाच्या अखेरच्या आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीच्या काही शेफील्ड पात्यांची रुंदी टाचेकडून टोकाकडे वाढत जाते. अशा घाटाचं पातं आज सरळ समान रुंदीचं दिसत असेल, तर ते टोकाकडून खूप झिजलेलं आहे, जरी नव्या माणसाला ते अगदी नीटनेटकं वाटलं तरी. म्हणून शक्य असेल तेव्हा त्याच कारखान्याच्या, त्याच नमुन्याच्या दुसऱ्या वस्तऱ्याचे फोटो शोधून शेजारी ठेवा.

टाचेकडे फार कमी लोक बघतात, आणि कितीतरी वस्तरे तिथेच अडतात. पातं जिथे दांडीला, म्हणजे मुठीत खिळलेल्या मागच्या भागाला, मिळतं तिथे पोलादाचा जाड खांदा असतो. धार मागे मागे जात खांद्याशी आली की दगडावर तो खांदाच आधी टेकतो. मग टाच उचलली जाते, धार लागत नाही; मालक वैतागून जोर देतो आणि खांद्यावरही चकचकीत डाग पडतो. काही दिवसांनी टाचेचा कोपरा आकड्यासारखा खाली लोंबतो. तो कानाजवळ किंवा ओठाच्या कोपऱ्यात हमखास लागतो. फोटो मागताना टाचेचा जवळून फोटो वेगळा मागा. खांदा अजून धारेपासून लांब आणि दगडाच्या खुणेशिवाय असेल तर वस्तऱ्याला भरपूर आयुष्य आहे. आकडा झालेला असेल तर हिऱ्याच्या कणांच्या पट्टीवर टाच थोडी पुढे घेऊन दुरुस्त करता येते. त्यात कामाच्या धारेतले दोन-तीन मिलिमीटर जातात, वस्तरा नाही.

पात्यावरच्या नक्षीवरूनही झीज कळते. झोलिंगेनच्या पुष्कळ वस्तऱ्यांवर आम्लाने कोरलेली, कधी सोनेरी मुलामा दिलेली अक्षरं असतात: नमुन्याचं नाव, चित्र, किंवा 'फॉर बार्बर्स यूज' असा शेरा. ती अक्षरं पोखरलेल्या भागात असतात, दगड तिथे पोचत नाही. म्हणून ती नव्यात जशी होती तशीच राहतात आणि मोजपट्टीचं काम करतात. नक्षीच्या वर जितकी मोकळी जागा आहे त्या मानाने खाली, धारेकडे, किती आहे ते बघा. खालची ओळ धारेच्या उताराला भिडलेली असेल किंवा अक्षरांचे पाय कापले गेले असतील, तर पातं बरंच आत आलंय. सोनं अजून ताजं आणि अक्षरांच्या कडा तीक्ष्ण असतील तर पातं चाकावर गेलेलं नाही ही मोठी जमेची बाजू. दांडीवरच्या शिक्क्याचंही तेच. शिक्का खोल ठोकलेला असतो. तो पुसट झाला असेल तर वरून पुष्कळ पोलाद घासलं गेलंय.

फुल हॉलो पात्यात आणखी एक खूण शोधा. यातल्या काही पात्यांमध्ये पाठ आणि धार यांच्या मधोमध एक अगदी सूक्ष्म उंचवटा असतो, धारेला समांतर. दिवा तिरका पाडला की त्याची रेष चमकते. नव्या पात्यात ही रेष धारेपासून चांगली लांब असते. झिजत गेलं की धार तिच्याजवळ येते, पोलाद जाड लागायला लागतं आणि धारेचा घासलेला उतार, बेव्हल म्हणतात तो, रुंद होतो. तब्येतीत असलेल्या फुल हॉलोचा बेव्हल नुसत्या डोळ्यांना एक बारीक रेघ वाटतो. तो दीड-दोन मिलिमीटर दिसत असेल तर एक तर पाठ खाल्लीय किंवा धार उंचवट्यावर चढलीय. कॅलिपर दोन्हींतलं कोणतं ते सांगेल. पाचरीच्या घाटाच्या पात्याला हा नियम लावू नका. तिथे अंगं मुळातच कमी पोखरलेली, जवळजवळ सपाट असल्याने बेव्हलही रुंद आणि पाठीवरचे पट्टेही रुंद, हे स्वाभाविक आहे.

गंज, तडा आणि मूठ या झिजेच्या व्याख्येत बसत नाहीत, पण पैसे देण्याआधी तपासायलाच हव्यात. काळपट-करडी झाक ही जुन्या पोलादाची चांगली खूण, तिला हात लावू नका. तांबडा गंज वरवरचा असेल तर निघतो. खाली खड्डे असतील आणि ते पाठीजवळ असतील तरी हरकत नाही. धारेजवळ दोन-तीन मिलिमीटरांत काळे टाचणीटोकासारखे ठिपके असतील तर सोडा. ते वरून दिसतात त्याहून खोल असतात, आणि धार मागे नेल्यावर एकेक ठिपका खळगा होऊन उघडतो. तडा शोधायला दहापट भिंग आणि छोटी बॅटरी घ्या. धारेपासून पाठीकडे जाणारी केसासारखी काळी रेष, पुसून न जाणारी, दोन्ही बाजूंना त्याच जागी दिसणारी, म्हणजे तडा. त्या वस्तऱ्याचा चेहऱ्यावर वापर नको, किंमत काहीही असो.

मूठ सेल्युलॉइडची असेल, विशेषतः कासवाच्या पाठीसारखी किंवा अंबरसारखी अर्धपारदर्शक, तर पातं मिटल्यावर मुठीत जिथे बसतं तेवढ्याच भागात गंज आहे का ते बघा. जुनं सेल्युलॉइड कुजायला लागलं की त्यातून नायट्रोजनचे आम्लधर्मी वायू सुटतात आणि पातं बंद मुठीत आतून खाल्लं जातं. मूठ आत बारीक तडकलेली, घामेजलेली आणि कापराच्या किंवा आंबट वासाची लागली तर तो वस्तरा इतरांबरोबर एका डब्यात ठेवूच नका. हस्तिदंती मूठ भारतात घेण्या-विकण्याच्या फंदात पडू नका, तो व्यवहार बेकायदा आहे.

आता तुमचे दोन वस्तरे.

शेफील्डचा आधी. अठराव्या शतकात, 1740 च्या दशकात, बेंजामिन हंट्समनने त्याच शहराच्या परिसरात मुशीत पोलाद वितळवायची पद्धत बसवली आणि तिथले वस्तरे जगभर गेले; दांडीवर 'कास्ट स्टील' असा शिक्का मिरवत. मुकुटाच्या दोन बाजूंना व्ही आर अक्षरं असतील तर राणी व्हिक्टोरियाचा काळ, 1837 ते 1901. देशाचं नाव, 'इंग्लंड', असेल तर बहुधा 1891 नंतरचा, कारण अमेरिकेच्या 1890 च्या जकात कायद्याने तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देश लिहिणं सक्तीचं केलं. वय कळलं की मूळ घाट कसा असावा याचा अंदाज येतो, म्हणून हे आधी वाचा.

तुम्ही कळवलेली मापं पाठ 6.4 आणि टेकण्याच्या रेषेपासून धार 20.5. कोन जवळजवळ 18 अंश. पाचरीच्या जड पात्याला हे अगदी चालण्यासारखं आहे. म्हणजे झिजेवर हा वस्तरा पास आहे. मला काळजी आहे ती त्या आरशासारख्या चकाकीची. वस्तऱ्याचं पोलाद पाणी दिल्यानंतर ठिसूळपणा घालवायला पुन्हा साधारण 150 ते 200 अंश सेल्सियसपर्यंत तापवलेलं असतं. चाकावर पातळ धार काही सेकंदांत त्याच्या वर तापते, आणि एकदा पाणी उतरलं, म्हणजे कडकपणा गेला, की ती मऊ धार कितीही पाजवा, दोन गालांच्या पुढे टिकत नाही. धारेजवळ पिवळट, तपकिरी किंवा निळी झाक शोधा. निळी म्हणजे पोलाद 300 अंशांच्या आसपास पोचलं होतं. पण झाक नाही म्हणून निर्धास्त होऊ नका, कारण शेवटचा हात फिरवताना तोच रंग पुसलाही जातो. दुसरा पुरावा कडांचा. पाठीच्या कडा, खांद्याच्या रेषा, शिक्क्याची अक्षरं अजून धारदार असतील तर घासणाऱ्याने सौम्य हाताने काम केलंय. सगळं साबणाच्या वडीसारखं गोल झालं असेल आणि शिक्का पुसट असेल, तर तिथे पोलाद पुष्कळ गेलंय आणि उष्णताही पुष्कळ लागलीय. जुना बाजार रविवारी आणि बुधवारी भरतो. पुन्हा जाताना भिंग, बॅटरी, कार्ड आणि कॅलिपर खिशात न्या आणि आधी शिक्का बघा. पाचरीचं पातं धारेशीही बऱ्यापैकी जाड असल्याने फुल हॉलोपेक्षा उशिरा तापतं, म्हणून मी आशा सोडलेली नाही. पण चकचकीतपणाचे म्हणून जादा पैसे देऊ नका. तो माझ्या दृष्टीने वजाबाकीत जातो. त्याच बाजारात न घासलेले, काळवंडलेले वस्तरे मिळतात, त्यातला सरळ धारेचा एखादा मला जास्त आवडेल. एक लक्षात ठेवा, धंद्यात वापरलेला, न्हाव्याच्या धोकटीतून आलेला वस्तरा घरगुती वस्तऱ्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दगडावर गेलेला असतो, त्यामुळे तिथे धारेची रेषा आणि टाच दुप्पट लक्ष देऊन तपासा.

झोलिंगेनच्या बाबतीत फोटोवर ठरवायचंय, म्हणून विक्रेत्याकडून तीन ठिकाणची मापं मागवा: टाच, मध्य, टोक, प्रत्येक ठिकाणी पाठीची जाडी आणि टेकण्याच्या रेषेपासूनची रुंदी. फोटो हवेत ते दोन्ही अंगांचे सरळ वरून, पाठीचा वरून, मिटलेल्या वस्तऱ्याचा आणि टाचेचा जवळून. सरळ वरून काढलेला फोटो लांबून, झूम करून काढायला सांगा. मोबाइल अगदी जवळ नेला की भिंगामुळे कडेच्या सरळ रेषा वाकड्या दिसतात आणि नसलेली फुगी किंवा खोली दिसते. तो फोटो आला की पडद्यावर कागदाची कड धारेला लावून बघा. मिटलेल्या वस्तऱ्याच्या फोटोत धार मुठीच्या दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध बसतेय का, तेही पाहा. एका बाजूला कललेली असेल तर बहुतेक वेळा दोष मुठीचा किंवा खिळीचा असतो, क्वचित पात्याच्या बाकाचा.

टोकाकडे निमुळता आहे एवढ्यावरून त्याला नाकारू नका. समजा टाचेशी पाठ 4.3 व रुंदी 14.4 आणि टोकाशी पाठ 3.6 व रुंदी 12.3 अशी मापं आली. कोन अनुक्रमे 17.1 आणि 16.8. म्हणजे आधीच्या मालकाने टोकावर जोर दिला, पण पाठ आणि धार जोडीने झिजवली. दिसायला तो थकलेला दिसेल, दाढीला एकदम ठीक चालेल, आणि निमुळतेपणामुळे किंमत पाडून मागायला तुम्हाला जागाही आहे. हीच मापं टोकाशी पाठ 4.2 आणि रुंदी 12.3 अशी आली, तर कोन साडेएकोणीसच्या पुढे; एकाच पात्यावर टाच नीट चालणार आणि टोक ओढणार. तो सोडा. आणि टोकाशी पाठ 3.1, रुंदी 13.6 आली, तर कोन 13 अंश, टाचेशी 17. हा तिरका प्रकार चिकटपट्टीनेही धड जमत नाही, कारण पट्टी सगळीकडे सारखीच जाडी वाढवते.

विक्रेता मापं द्यायला तयार नसेल तर नक्षी आणि टाचेच्या फोटोवर भिस्त ठेवावी लागेल. नक्षीच्या खाली टोकाकडे निदान तीन-चार मिलिमीटर मोकळी जागा असेल, खांद्यावर दगडाची खूण नसेल आणि धार कागदाच्या कडेशी सरळ बसत असेल, तर मी बोली लावेन, पण मापं मिळाली असती तर जितकी लावली असती त्याच्या निम्मीच.